गिलानुपट्ठाक : एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या तरुणांचे औषधसेवन आणि आपले कर्तव्य

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खंधक नावाचा विभाग आहे. नावाप्रमाणे तो चीवरांविषयीचा आहे; परंतु त्यातच एका आजारी भिक्खूची हकीकत आली आहे. पोटाच्या विकाराने तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो संघातील इतरांच्या कोणत्याही कामी येत नव्हता, म्हणून त्याची शुश्रूषा करावयास कोणी पुढे आले नव्हते. तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, स्वतः ते ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. पूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे. आपल्या विहारांतून ती वारंवार सांगितलीही जाते.

परंतु या कथेच्या लगेच पुढे जो मजकूर येतो त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तेथे रुग्णाची शुश्रूषा कोणत्या पाच कारणांनी कठीण होते व कोणत्या पाच कारणांनी सुकर होते, याचे विवेचन आहे. तसेच सेवा करणारा, म्हणजे गिलानुपट्ठाक, कोणत्या पाच गुणांनी योग्य ठरतो, हेही सांगितले आहे. औषध नियमितपणे न घेणारा रुग्ण हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने प्रथम शोधून काढला असे नव्हे. विनयधरांना तो माहीत होता आणि त्यांनी तो एकट्या रुग्णावर सोपविला नाही. रुग्ण आणि सेवक या दोघांची लक्षणे त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींच्या संदर्भात या विवेचनाचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजार आणि उपचार : थोडा इतिहास

भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली तत्कालीन मद्रासमध्ये आढळली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच नॅको, स्थापन झाली. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली व मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले; परंतु त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि गरीब देशांतील रुग्णांसाठी दार उघडले. १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०१७ पासून लागण आढळताच, सी.डी.४ पेशींची संख्या घसरण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले.

२०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. यांपैकी एक पिढी अशी आहे की जिला हा विषाणू जन्मतःच आईकडून मिळाला. गर्भवती मातांची तपासणी व उपचार सर्वत्र पोहोचण्यापूर्वी जन्मलेली ही मुले आज अठरा, वीस, पंचवीस वर्षांची आहेत. औषधांमुळेच ती जगली. आता ती औषधे स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता, आयुष्यभर घेण्याची वेळ त्यांच्यावर आली आहे. या वयात नव्याने लागण झालेल्यांसमोरही हाच प्रश्न आहे.

पूर्वकर्माचा प्रवाद

पुढे जाण्यापूर्वी एका प्रवादाचा निकाल लावणे आवश्यक आहे. ‘पूर्वकर्माचे फळ’ हे शब्द आजही रुग्णाच्या कानावर पडतात आणि कधी कधी ते बौद्ध म्हणविणाऱ्यांच्या तोंडूनही निघतात. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच होय, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे खरे काय? तथागतांनी ते मत चुकीचे ठरविले. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात अशी वेदनेची कारणे त्यांनी एकेक करून मोजून दाखविली. कर्म हे त्या आठ कारणांपैकी केवळ एक आहे.

आईच्या उदरात वा तिच्या दुधातून ज्या बालकाला विषाणू मिळाला त्याला कोणत्याही अर्थाने दोषी धरता येत नाही. आणि ज्याला तो अन्य मार्गाने मिळाला त्यालाही दोषी धरून काही साधत नाही. ज्याला आपण शिक्षा भोगीत आहोत असे वाटते त्याला औषध घेण्याची प्रेरणा कोठून येणार? दोषारोप हा औषधसेवनातील पहिला अडथळा आहे, आणि तो समाजाने निर्माण केलेला आहे.

गोळी काय करते व थांबल्यास काय होते

सध्या आपल्याकडे प्रौढांना, तसेच दहा वर्षांवरील आणि तीस किलोहून अधिक वजनाच्या मुलांना, सामान्यतः टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. ही औषधे विषाणूला शरीरातून समूळ काढीत नाहीत; ती त्याची वाढ रोखतात. काही पेशींत विषाणू निद्रिस्त राहतो. औषध थांबले की काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढू लागतो.

गोळ्या अधूनमधून घेण्यात दुहेरी धोका आहे. हा विषाणू आपली नक्कल करताना वारंवार चुका करतो व त्यांतून थोडे वेगळे विषाणू सतत निर्माण होतात. रक्तात औषध पुरेसे असते तेव्हा कोणालाच वाढता येत नाही. औषध कमी पडले की त्या औषधाला दाद न देणारा एखादा प्रकार टिकतो, वाढतो आणि पुढे तेच औषध निरुपयोगी होते. लॅमिव्हुडीनच्या बाबतीत तर विषाणूतील एकच बदल त्यास पुरतो. मग दुसऱ्या वा तिसऱ्या टप्प्याची औषधे लागतात आणि ती अधिक अवघड असतात. डोल्युटेग्राव्हिर पूर्वीच्या औषधांपेक्षा अधिक चिवट आहे, त्याला विषाणू सहज चकवू शकत नाही, हे खरे. परंतु तेवढ्यावरून ढिलाई परवडते असे नाही. शंभरातील पंच्याण्णव गोळ्या वेळेवर घेतल्या जाव्यात, हा दंडक आजही पाळला जातो. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी हे प्रमाण पंच्याण्णवच्या खाली येते, इतके हे गणित काटेकोर आहे.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे व ती तरुणांना अधिक सांगितली पाहिजे. नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तो तपासणीतही सापडत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात झालेल्या व २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शेकडो जोडप्यांचे निरीक्षण करण्यात आले. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण त्यांत आढळले नाही. उपचार घेणाऱ्या मातेच्या बाळालाही लागण होण्याची शक्यता अत्यल्प राहते. विवाह, संसार आणि निरोगी अपत्य या गोष्टी या तरुणांच्या आवाक्यात आहेत. गोळी ही मरणाची आठवण नसून या भविष्याची हमी आहे, हे त्यांना कळले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

तरुण का थांबतात

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कर्जत मार्गावरील लागोपाठची तीन स्थानके. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी उल्हासनगर वसले. अंबरनाथ दारूगोळा कारखान्यामुळे व औद्योगिक वसाहतीमुळे वाढले. बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी भरले. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांहून अधिक होती. येथील तरुण पहाटेची लोकल पकडतो, कारखान्यात पाळीवर जातो, कपडे शिवणाऱ्या गाळ्यात नगावर मजुरी करतो किंवा दुकानात बारा तास उभा राहतो. घर एका खोलीचे, त्यात माणसे पाच-सहा. औषधाची बाटली ठेवावयास एकांताची जागा नाही. बाटलीतील गोळ्यांचा खडखडाट शेजारच्याला ऐकू जाईल ही भीतीसुद्धा गोळी चुकविण्यास पुरेशी होते.

उपचारकेंद्रात दिवसाच्या वेळी जावे लागते, म्हणजे रोजंदारी बुडते. मालकाला दर वेळी नवे कारण सांगावे लागते. रांगेत ओळखीचे कोणी भेटेल म्हणून काही जण मुद्दाम दूरच्या केंद्रात नाव नोंदवितात आणि मग तेथपर्यंतच्या प्रवासालाच कंटाळतात. पावसाळ्यात हा मार्ग बंद पडतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत लोकल बंद झाल्या तेव्हा औषध आणणे हाच प्रश्न होऊन बसला. त्या काळात अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची पद्धत वाढविण्यात आली. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना ही सवलत आजही मिळू शकते. ती मागून घ्यावी.

याहून खोल कारणे मनाची आहेत. पुष्कळ मुलांना लहानपणी ‘ही ताकदीची गोळी आहे’ किंवा ‘रक्त कमी आहे म्हणून घे’ असे सांगितलेले असते. खरे कारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी अचानक, कधी एखाद्या फाईलवरील नोंदीतून, कळते. तेव्हा राग येतो तो आजारापेक्षा फसवणुकीचा, आणि तो राग गोळीवर निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगितले आहे की मुलाला त्याच्या आजाराची माहिती शालेय वयात, सहा ते बारा वर्षांच्या काळात, समजेल अशा भाषेत टप्प्याटप्प्याने द्यावी. याखेरीज आईवडिलांचे छत्र हरपल्याचे दुःख असते, आजी-मामांच्या घरी आश्रित असल्याची जाणीव असते. प्रेम जुळले तर जोडीदाराला सांगावे की नाही हे कोडे असते. आणि ‘मला तर काहीच होत नाही, मग गोळी कशाला?’ हा निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक तरुणाचा प्रश्न असतो.

संस्थांत वाढलेल्या मुलांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. पंढरपूरचा ‘पालवी’ प्रकल्प आणि लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’ या संस्थांनी समाजाने नाकारलेल्या एच.आय.व्ही.बाधित बालकांना घर दिले. संस्थेत ठरल्या वेळी गोळी हाती मिळते व सर्व जण एकत्र घेतात, लपविण्याचे कारण नसते. परंतु अठरा वर्षांनंतर बाहेरच्या जगात वेळ सांगणारे कोणी नसते. तेव्हा दुसऱ्याच्या शिस्तीचे रूपांतर स्वतःच्या निश्चयात झालेले असावे लागते. आज्ञा म्हणून घेतलेले औषध आज्ञा करणारा दूर होताच सुटते. समजून घेतलेले औषध टिकते.

पाच लक्षणांचा आजचा अर्थ

आता विनयातील पाच लक्षणांकडे वळू. शुश्रूषेला सुकर असणारा रुग्ण हितकर तेच करतो, हितकर गोष्टीतही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपला आजार वाढत आहे, उतरत आहे की तसाच आहे हे सेवकाला यथार्थ सांगतो आणि शारीरिक वेदना सहन करतो.

यांतील चौथे लक्षण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. गोळ्या चुकल्या हे खरेपणाने सांगता येणे हाच उपचाराचा कणा आहे. परंतु विनयकारांनी यास एक अट जोडली आहे. हे सांगावयाचे ते हित इच्छिणाऱ्या सेवकाला. ऐकणारा हितेच्छू नसेल, तो रागावणारा, लाज काढणारा वा चारचौघांत बोलणारा असेल, तर रुग्ण खोटे बोलणारच. केंद्रात गोळ्या मोजतात म्हणून उरलेल्या गोळ्या फेकून देऊन रिकामी बाटली दाखविणारा तरुण लबाड नसतो, तो घाबरलेला असतो. ‘गोळी घेतलीस ना?’ या प्रश्नाला होकाराखेरीज उत्तरच नसते. ‘गेल्या आठवड्यात किती चुकल्या? चुकण्याचे काय कारण झाले?’ असे विचारल्यास खरे बाहेर येते.

‘प्रमाण जाणणे’ यातही पुष्कळ व्यावहारिक गोष्टी येतात. गोळी चुकल्यास आठवण होताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असल्यास दोन एकदम घेऊ नयेत. आम्लपित्तावरील औषधे तसेच लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरचे शोषण कमी करतात. म्हणून डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. शाळा-महाविद्यालयात लोहाच्या गोळ्या मिळणाऱ्या मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. क्षयरोगाचा उपचार चालू झाल्यास मात्रा बदलावी लागते, ती डॉक्टर ठरवितील. झोप उडत असल्यास गोळीची वेळ रात्रीऐवजी सकाळी करता येते. ती उपाशीपोटीही चालते. म्हणून उपोसथाचे अष्टशील पाळणाऱ्यानेही ती सोडण्याचे कारण नाही. महावग्गाच्याच भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूंना पाच औषधे प्रथम भोजनाच्या विहित वेळेतच घेण्याची अनुज्ञा होती. ती पुरेनाशी झाल्यावर तथागतांनी ती वेळी-अवेळी घेण्याची मोकळीक दिली. नियमासाठी रुग्ण नव्हे, तर रुग्णासाठी नियम, हा त्यातील बोध आहे. पाचव्या शीलाचा भंग करून कोणी मद्य प्याला तरी त्या दिवशीची गोळी चुकवू नये. शीलाचा उपदेश दुसऱ्या दिवशीही करता येईल. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई उपदेशाने होत नाही.

सेवकाची पाच लक्षणेही अशीच विचार करण्याजोगी आहेत. तो औषध तयार करून देऊ शकतो. हितकर व अहितकर जाणतो. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीपूर्ण चित्ताने सेवा करतो. मलमूत्र, थुंकी वा ओकारी काढताना किळस करीत नाही. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला उभारी देतो. यात उपदेशाचा क्रम शेवटचा आहे, हे लक्षात घ्यावे. आपण मात्र बहुधा त्यापासूनच सुरुवात करतो.

समवयस्क कल्याणमित्र

सेवक वडीलधाराच असावा असे नाही. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात ‘झ्वांदिरी’ नावाचा उपक्रम २००४ पासून चालू आहे. तेथे एच.आय.व्ही.सह जगणारे, स्वतः नियमित औषध घेणारे तरुणच प्रशिक्षण घेऊन आपल्याहून लहान मुलामुलींना भेटतात, घरी जातात, अडचण ऐकतात, केंद्रात सोबत करतात. ही सोबत लाभलेल्या किशोरांची नेहमीचा उपचार घेणाऱ्यांशी तुलना करणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सोबत लाभलेल्यांत उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होते. औषध दोन्हीकडे तेच होते. फरक सोबतीचा होता. धम्मात कल्याणमित्राला जे स्थान आहे त्याची ही आधुनिक साक्ष होय.

विहार काय करू शकते

विहाराने रुग्णालय होण्याचे कारण नाही. परंतु पुढील गोष्टी प्रत्येक विहाराच्या शक्तीतील आहेत.

पहिली गोष्ट गुप्तता. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. त्यानुसार शिक्षण, नोकरी, घर व उपचार यांबाबत भेदभाव करण्यास मनाई आहे आणि कोणाचीही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. आईवडील नसलेल्या कुटुंबात बारा ते अठरा वर्षांचे समंजस मोठे भावंड धाकट्याच्या उपचारासाठी व शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून उभे राहू शकते, अशीही तरतूद त्यात आहे. कायदा तर आहेच, पण सम्यक वाचेचा अभ्यास करणाऱ्या उपासक-उपासिकांना त्याची गरजच पडू नये. विहाराच्या ओट्यावर झालेली एक कुजबूज एखाद्या मुलीचा उपचार तोडू शकते.

दुसरी गोष्ट माहिती. वर्षावासातील तीन महिन्यांच्या ग्रंथवाचनात एक दिवस आरोग्यासाठी ठेवावा आणि जाणकार समुपदेशकास बोलवावे. सर्वांसाठी सर्वांसमोर बोलावे. कोणाकडे बोट जाता कामा नये. राष्ट्रीय साहाय्यक्रमांक १०९७ हा मोफत आहे, तो फलकावर लिहून ठेवावा.

तिसरी गोष्ट प्रवास. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला व जयंतीला गावी जाणाऱ्यांना सूचना देताना ‘ज्यांचे नित्याचे औषध चालू आहे त्यांनी ते दोन दिवस जास्तीचे बरोबर घ्यावे’ हे एक वाक्य त्यात असावे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या व क्षयाच्या रुग्णांनाही ते लागू असल्यामुळे कोणाचे गुपित फुटत नाही. पावसाळ्यात घरी निदान आठवड्याचा साठा असावा, हेही असेच सर्वांना सांगावे.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष मदत. केंद्रात जाण्याच्या दिवशी बुडणारी मजुरी व रेल्वेभाडे ही फार मोठी रक्कम नसते. परंतु नेमकी त्या दिवशी ती नसते. विहाराच्या निधीतून कारण न विचारता ती देता येईल.

अंगुत्तरनिकायात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. एक उपचार मिळो वा न मिळो बरा होतो. दुसरा कशानेही बरा होत नाही. तिसरा योग्य अन्न, योग्य औषध व योग्य सेवक मिळाले तरच बरा होतो, न मिळाल्यास होत नाही. या तिसऱ्यासाठीच अन्न, औषध व सेवक यांची योजना आहे. आणि त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही सेवा करावयाची आहे. १९९६ पूर्वी एच.आय.व्ही.चा रुग्ण दुसऱ्या प्रकारात मोडत होता. हा आजार आजही समूळ जात नाही; परंतु औषधाने तो इतका आटोक्यात राहतो की त्याच्या रुग्णाला तिसऱ्या प्रकारात गणणेच योग्य ठरेल. औषध शासनाने उपलब्ध केले आहे. अन्न घरचे आहे. तिसरी गोष्ट आपण आहोत.